पोलादाच्या पोटात रेंज कुठून येणार?

जयगडला कोळशाचं जहाज लागलं की धक्क्यावरचा वॉकी-टॉकी खणखणीत बोलतो. तोच सेट घेऊन खलाशी जहाजाच्या बंद टाकीत उतरला की अनेकदा नुसती खरखर. ही गंमत समजून घेऊ.

फॅरेडेची खोली : 1836 मध्ये मायकेल फॅरेडे धातूच्या पत्र्याने मढवलेल्या खोलीत स्वतः जाऊन बसले. बाहेरून विजेच्या ठिणग्या पाडल्या, आतल्या उपकरणाला पत्ताही लागला नाही. जहाजाची बंद टाकी म्हणजे अशीच खोली.

केसाइतकी जाडी पुरते : रेडिओलहर पोलादात शिरली की केसाच्या जाडीइतकं अंतरही कापू शकत नाही. आत-बाहेर करायला तिला दार, झाकण किंवा फट लागते.

भोक लहान, लहर मोठी : सागरी व्हीएचएफ रेडिओचा चॅनेल 16 चालतो 156.8 मेगाहर्ट्झवर. त्याची लहर सुमारे 1.9 मीटरची आणि टाकीत उतरायचं भोक, म्हणजे मॅनहोल, जेमतेम 60 सेंटिमीटरचं! जहाजावरच्या आपसातल्या बोलण्यासाठी 457 मेगाहर्ट्झच्या आसपासचा यूएचएफ असतो. त्याची लहर 65 सेंटिमीटरची, म्हणून ती त्याच भोकातून बरीच सहज निसटते.

वीतभर सरका : लोखंडी भिंतींवर आपटलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. कुठे जोर वाढतो, कुठे पार मावळतो. यूएचएफवर आवाज गेला, तर वीतभर सरकल्यावरही तो परत येऊ शकतो. मायक्रोवेव्हमधली थाळी फिरती ठेवतात तीही याचसाठी.

फेरीबोटीतला फोन : जयगड-तवसाळ फेरीबोट लोखंडी, तिच्यावरची आपली गाडीही लोखंडी. तरी काचा बंद करून फोन लागतो, कारण मोबाइलची लहर अर्ध्या मीटरहून आखूड आणि काचेतून ती आरपार जाते.

बॅटरीविना बोलणं : जहाजांवर आवाजाच्या जोरावर चालणारे तारेचे फोन असतात. बोलताना पडदा थरथरतो, त्यातूनच वीज तयार होते. जहाजाची वीज गेली तरी हा फोन चालू!

माणूस हवाच : बंद होल्डमधला, म्हणजे जहाजाच्या मालाच्या कोठारातला, कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो. अशा जागांत उतरण्याची आणि सुटकेची कवायत जहाजांवर दर दोन महिन्यांनी करणं 2015 पासून सक्तीचं आहे. बंदरात काम करणाऱ्यांनो, सेट हातात आहे म्हणून एकट्याने उतरू नका. मॅनहोलपाशी माणूस ठेवा, ठरल्या वेळी हाक द्या. हाकेला ओ आली नाही, तर आत धावू नका. आधी धोक्याची घंटा वाजवा.