साहित्य : पुष्कळ माणसं

१९९२ साली न्यूयॉर्कच्या ३०३ गॅलरीत शिरणाऱ्याला आधी वास यायचा, थाई करीचा. ऑफिसातलं आणि कोठीतलं सगळं सामान बाहेरच्या दालनात आणून मांडलेलं, दारं बिजागऱ्यांवरून उतरवलेली आणि मागच्या रिकाम्या खोलीत करी रटरटत होती. बसा, गरम भात-रस्सा खा, पैसे नाहीत. हेच रिर्क्रित तिरावनिजा यांचं प्रदर्शन.

थाई राजनैतिक अधिकाऱ्याचा हा मुलगा १९६१ साली ब्युनोस आयर्सला जन्मला. थायलंड, इथिओपिया, कॅनडा असं बालपण गेलं. आजी बँकॉकला उपाहारगृह चालवायची. हाताला चव तिच्याकडून आली. पुढे शिकागोत कला शिकताना त्यांना संग्रहालयात आशियाई भांडी दिसली, काचेच्या कपाटात. ज्यात कुणी रांधलं, कुणी वाढलं, ती भांडी आता फक्त बघायची! हे त्यांना खटकलं. परमुलखात माणसाचंही असंच होतं. लोक कौतुकानं बघतात, पण काचेपलीकडून. जन्मभर पाहुणा राहिलेल्या तिरावनिजांनी मग स्वतःच यजमान व्हायचं ठरवलं. मला त्यांच्या साऱ्या कामाचं मूळ इथे दिसतं.

आपल्याकडे पाककृती लिहिताना आधी ‘साहित्य’ येतं, मग ‘कृती’. तिरावनिजांच्या कलाकृतींच्या साहित्याच्या यादीत ‘पुष्कळ माणसं’ असं चक्क नोंदलेलं असतं. कारण खाणारे आले नाहीत, तर उरतात नुसती पातेली.

१९९६ साली कोलोनमध्ये त्यांनी आपल्या न्यूयॉर्कच्या घराची हुबेहूब प्रतिकृती उभारली, चालत्या स्वयंपाकघरासकट, आणि ती चोवीस तास उघडी ठेवली. लोक आले, रांधलं, झोपले, कुणी वाढदिवसही केले.

समीक्षक क्लेअर बिशप यांनी २००४ साली आक्षेप घेतला : गॅलरीतल्या या पंगतीला बसतात कोण, तर कलेच्या वर्तुळातलेच, एकमेकांशी आधीच जुळणारे लोक. न्यूयॉर्कपुरतं मला हे पटतं. कोलोनच्या उघड्या दाराला मात्र ते तितकं लागू होत नाही.

आणि थायलंडमधल्या चियांग माईजवळच्या भातखाचरांना तर नाहीच. १९९८ साली कामिन लर्टचायप्रासर्ट यांच्यासोबत तिरावनिजांनी तिथे ‘द लँड’ हा कलाप्रकल्प सुरू केला. देशोदेशीच्या कलावंतांनी येऊन तिथे बांधकामं केली. डेन्मार्कच्या सुपरफ्लेक्स गटानं गोबर गॅसचा प्रयोग केला. खाचरांत भात पिकायचा. कापणी झाली की तो राबणाऱ्यांत वाटला जायचा आणि गावातल्या एड्सग्रस्त कुटुंबांनाही जायचा.