चार्जबॅकचा फंडा

वस्तू आली नाही, दुकानदार फोन उचलत नाही आणि पैसे मात्र केव्हाच कटले! अशा वेळी तुमच्या पाकिटातलं कार्डच तुमचा वकील होऊ शकतं. पण सावधान, तुम्ही स्वतः काही विकत असाल, तर हाच वकील समोरच्याच्या बाजूनेही उभा राहतो.

ऑनलाइन शॉपिंगचं आता कुणालाच अप्रूप राहिलेलं नाही. डब्यातली पोळी-भाजी संपेपर्यंत हेडफोन ऑर्डर होतो. लोकल दादरहून ठाण्याला पोचेपर्यंत गोव्याचं हॉटेल बुक होतं. पैसे जायला दहा सेकंद पुरतात, खरी कसरत सुरू होते ती पैसे परत मागताना. कस्टमर केअरचं ते न संपणारं म्युझिक, ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ची टेप, आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायची तीच ती रामकहाणी.

मग आपल्यातले बरेच जण ‘जाऊ दे ना यार, हजार रुपयांसाठी कोण डोकं लावणार’ म्हणून विषय सोडून देतात. काही जण सोशल मीडियावर आग ओकतात. तिसरा रस्ता मात्र फार कमी जण धरतात. त्याचं नाव चार्जबॅक. आणि त्याचा सगळा फंडा दोन शब्दांत मावतो : तारीख आणि कागद. कोण किती ओरडलं याच्याशी बँकेला काही देणंघेणं नसतं.

रिफंड वेगळा, चार्जबॅक वेगळा

रिफंड दुकानदार देतो, चार्जबॅक बँक खेचून आणते. बेसिक फरक एवढाच.

तुम्ही कार्डावर पैसे देता तेव्हा मध्ये बरीच मंडळी असतात. कार्ड देणारी तुमची बँक, व्हिसा-मास्टरकार्ड-रुपेसारखं नेटवर्क, दुकानदाराची बँक, पेमेंट गेटवे आणि शेवटी दुकानदार. चार्जबॅकमध्ये पैसा याच साखळीतून उलटा येतो. तुम्ही तुमच्या बँकेकडे तक्रार करता, ती नेटवर्कमार्फत दुकानदाराच्या बँकेकडे रक्कम मागते आणि ती बँक दुकानदाराकडून वसूल करते.

ही कल्पना अमेरिकेत रुजली. तिथे १९७४ साली ‘फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट’ आला आणि क्रेडिट कार्डाच्या बिलावर हरकत घेण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्यात बसला. आपल्याकडे चार्जबॅकची गाडी मुख्यतः कार्ड नेटवर्कच्या नियमांवर चालते. त्याला रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक संरक्षणाच्या नियमांची जोड आहे.

यातली खरी गोम दुकान बंद पडलं की कळते. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री उडालं. गो फर्स्टची उड्डाणं ३ मे २०२३ पासून थांबली. दोन्ही वेळा आगाऊ तिकीट काढलेले प्रवासी हात चोळत बसले. कंपनी दिवाळखोरीत गेली की रिफंड मागणारा देणेकऱ्यांच्या लांबलचक रांगेत जाऊन उभा राहतो. कार्डाने पैसे भरलेल्याला मात्र ‘सेवा मिळालीच नाही’ म्हणून आपल्या बँकेचं दार वाजवता येतं. कारण दुकानदाराकडून वसुली होवो न होवो, नेटवर्कच्या दृष्टीने जबाबदारी त्याच्या बँकेची असते. महागडी आणि पुढच्या तारखेची बुकिंग्ज क्रेडिट कार्डावर करा, असं जाणकार सांगतात ते यासाठीच.

कुठल्या तक्रारीत दम असतो?

वस्तू आलीच नाही. आली ती फुटकी किंवा भलतीच आली. रिफंड कबूल केला, पण खात्यात आला नाही. एकाच खरेदीचे पैसे दोनदा कटले. सब्स्क्रिप्शन रद्द करूनही दर महिन्याला कात्री लागतेय. आणि सगळ्यात गंभीर, हा व्यवहार मी केलेलाच नाही. या कारणांत दम आहे.

‘रंग आवडला नाही’, ‘दुसरीकडे दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाला’, ‘मूड बदलला’ ही कारणं इथे चालत नाहीत. त्यासाठी दुकानाची रिटर्न पॉलिसी असते आणि ती ऑर्डर देण्याआधी वाचायची असते!

‘मी केलंच नाही’ म्हणताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. भारतात १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला जादा पडताळणी लागू झाली, म्हणजे आधी पासवर्ड आणि मग आपला लाडका ओटीपी. व्यवहार ओटीपी टाकून झाला असेल, तर बँक पहिला प्रश्न तोच विचारणार : ओटीपी कुणी दिला? परदेशी साइटवर ओटीपीशिवायही कार्ड चालू शकतं. म्हणून गरज नसेल तेव्हा कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर अ‍ॅपमधून बंद ठेवा. ते बटण उगाच दिलेलं नाही.

घड्याळाचे काटे

व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याचशा तक्रारींसाठी १२० दिवसांची मुदत असते. ऐकायला खूप वाटते, पण दुकानदार ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ करत करत तीन महिने सहज काढतो. शिवाय तुमची बँक याहून लवकर तक्रार मागू शकते. त्यामुळे दुकानदाराला लेखी कळवा, त्याला आठवडाभर द्या आणि उत्तर नाही आलं तर थेट बँक गाठा.

फसवणुकीचा मामला असेल तर आठवडाभराचीही चैन नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेला हिशोब असा : चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजी दिवसांत दिली, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले, तर ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान तुमच्या माथी. त्याहून उशीर झाला, तर बँकेचं धोरण काय म्हणेल ते. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा फटका तुमचाच.

म्हणून एसएमएस आला की आधी कार्ड ब्लॉक करा, मग १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फिरवा. ‘घरी गेल्यावर बघू’ नको.

यूपीआयचं काय?

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. कार्ड आणि यूपीआय दोन्ही एकाच मोबाइलवर असले, तरी त्यांचे नियम एक नाहीत.

पैसे कटले पण पोचले नाहीत, हा प्रश्न सोपा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने त्याला मुदत घातली. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जाणारे पैसे अडकले, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत. दुकानदाराला देताना अडकले, तर पाच दिवसांत. त्यापुढे बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, तीही तुम्ही न मागता.

पैसे नीट पोचले, पण चुकीच्या माणसाला? मग अवघड आहे. बँक त्याला विनंती करते, पण त्याच्या संमतीशिवाय रक्कम परत ओढू शकत नाही. दुकानाच्या व्यापारी क्यूआर कोडवर पैसे दिले असतील, तर माल मिळाला नाही म्हणून अ‍ॅपमधून किंवा बँकेमार्फत तक्रार लावता येते. पण इन्स्टाग्रामवरच्या एखाद्या पेजने ‘ताई, या नंबरवर पाठवा’ म्हणून दिलेल्या पर्सनल नंबरवर साडीचे साडेतीन हजार पाठवले असतील, तर ते हातात रोख दिल्यासारखंच. अनोळखी विक्रेता असेल तर पेमेंट गेटवेची लिंक मागा. तो नाही म्हणाला, तर साडी दुसरीकडेही मिळते!

आता टेबलाच्या पलीकडे बसा

आज ऑफिसातल्या प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी साइड बिझनेस करतंच. कुणी दागिने बनवतं, कुणी दिवाळीत फराळ पाठवतं, कुणी वीकेंडला परदेशी क्लायंटसाठी वेबसाइट डिझाइन करतं. अशा विकणाऱ्याच्या हातात एक दिवस गेटवेची ईमेल पडते : अमुक व्यवहारावर चार्जबॅक आला आहे. रक्कम पुढच्या सेटलमेंटमधून वळती होते, वर फीही लागू शकते. उत्तर द्यायला जेमतेम काही दिवस मिळतात, आणि उत्तर दिलंच नाही तर केस हरल्यात जमा.

उत्तर देणं म्हणजे तावातावाने ईमेल लिहिणं नव्हे. कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर, पार्सल घेतल्याची सही किंवा फोटो, बिल, ग्राहकाशी झालेलं चॅट आणि खरेदीआधी त्याला दिसलेली रिटर्न पॉलिसी जोडा. ग्राहक म्हणत असेल ‘आलंच नाही’, तर डिलिव्हरीचा पुरावा हवा. तो म्हणत असेल ‘भलतंच आलं’, तर पॅकिंग करतानाचा फोटो हवा. कारण काय लिहिलंय ते पाहून पुरावा द्या. या उत्तरानेही मिटलं नाही, तर प्रकरण नेटवर्कच्या लवादापर्यंत जाऊ शकतं. पण तिथली फी जबर असते, त्यामुळे छोट्या रकमेसाठी तिथवर सहसा कुणी जात नाही.

आणखी दोन खबरदाऱ्या. चार्जबॅक लागल्यावर घाबरून ग्राहकाला वेगळे पैसे पाठवू नका. तेही जातील आणि चार्जबॅकही जाईल, म्हणजे डबल फटका. आणि ‘चुकून जास्त पैसे आले, बाकीचे या दुसऱ्या खात्यात टाका’ असं कुणी म्हणालं, तर सरळ नकार द्या. पैसे ज्या कार्डावरून आले, त्याच कार्डावर परत.

परदेशी क्लायंटकडून पेपालने पैसे घेत असाल, तर तिथलं कॅलेंडर वेगळं. पेपालने भारतातली देशांतर्गत सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली, परदेशातून पैसे येणं मात्र चालू राहिलं. तिथे ग्राहकाला तक्रार उघडायला १८० दिवस मिळतात. आधी दोघांनी आपसात मिटवायचं, आणि नाही जमलं तर २० दिवसांत तक्रारीचं क्लेममध्ये रूपांतर करायचं, नाहीतर ती आपोआप बंद होते. म्हणजे जानेवारीत संपवलेल्या कामावर जूनमध्ये प्रश्न येऊ शकतो. फायली डिलीट करायची घाई करू नका, आणि ‘काम मिळालं, समाधानी आहे’ एवढी एक ओळ क्लायंटकडून ईमेलवर घेऊन ठेवा.

‘फ्रेंडली’ फसवणूक

वस्तू मिळाली, वापरली, आणि तरीही ‘आलीच नाही’ म्हणून पैसे परत मागितले, तर त्याला धंद्याच्या भाषेत ‘फ्रेंडली फ्रॉड’ म्हणतात. त्यात मैत्रीचं काही नसतं. मोठ्या कंपनीला हजार रुपयांनी फरक पडत नसेल, पण घरून धंदा करणाऱ्या मुलीचा त्या महिन्याचा नफा त्यात वाहून जातो. शिवाय अशा केसेस वाढल्या की तिचं गेटवेचं खातंच धोक्यात येतं.

गंमत म्हणजे यातल्या काही केसेस निव्वळ गैरसमजाच्या असतात. स्टेटमेंटवर दुकानाऐवजी मालकाच्या कंपनीचं भलतंच नाव छापून येतं आणि ग्राहक दचकतो. किंवा ऑर्डर बायकोने दिलेली असते आणि तक्रार नवऱ्याने ठोकलेली असते! म्हणून विकणाऱ्याने बिलावरचं नाव ओळखीचं ठेवावं, आणि घेणाऱ्याने बँकेला फोन करण्याआधी घरात एकदा विचारावं.

तक्रार लिहावी कशी?

‘तुम्ही सगळे चोर आहात’ हे वाक्य मनाला थंडावा देतं, पण त्याने पैसे परत येत नाहीत. त्याऐवजी असं लिहा : ‘अमुक तारखेला अमुक ऑर्डर क्रमांकासाठी इतके रुपये भरले. अमुक तारखेपर्यंत वस्तू यायला हवी होती, आली नाही. विक्रेत्याला या दोन तारखांना ईमेल केली, सोबत जोडली आहे. व्यवहारावर हरकत नोंदवावी.’ एवढ्या चार ओळी पुरतात. सोबत स्क्रीनशॉट जोडा आणि तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट. शॉपिंग साइटशीच भांडण असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तिच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची. तिथेही डाळ शिजली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ आहेच.

तेव्हा बॉस, पुढच्या सेलमध्ये ‘बाय नाऊ’ दाबायच्या आधी दोन सेकंद थांबा. दुकानाचं नाव, डिलिव्हरीची तारीख आणि रिटर्न पॉलिसी यांचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा. तो कधी लागू नये, हीच शुभेच्छा!