विरजणाची ऊब

दही लावणे ही आपल्याकडे मुद्दाम शिकण्याची गोष्ट मानलीच जात नाही. दूध तापवावे, कोमट झाले म्हणजे विरजण घालावे आणि सकाळी कवडीसारखे दही काढून घ्यावे. यात सांगावयाचे ते काय, असे कोणीही म्हणेल. परंतु हीच कृती दोघी बहिणींनी, एकीने मडगावास आणि दुसरीने ग्वाल्हेरीस केली, तर फळ एकच येईल असे नाही. गोव्याच्या उष्ण, दमट हवेत दही लवकर लागते आणि सकाळपर्यंत आंबटही होऊन बसते. ग्वाल्हेरीस पौष-माघाच्या थंडीत मात्र सकाळी झाकण काढावे, तो दूध जसेच्या तसे. फार तर अदमुरे. दोन लिटर दूध वाया जाते आणि दोष विरजणाला दिला जातो.

खरे पाहता तो दोष बहुधा उबेचा असतो. चुलीच्या काळी ही अडचण फारशी जाणवत नसे. रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावरही वैल पुष्कळ वेळ उबदार राही आणि विरजलेले भांडे त्याच्या आश्रयाने ठेवता येई. गॅस आला आणि ज्योत मालवताच ओटा थंड पडू लागला. मग कोणी पातेले रजईत गुंडाळतात, कोणी गव्हाच्या डब्यात पुरतात. अलीकडे काही घरांत 'स्लो कुकर' नावाचे विजेचे भांडे आले आहे. आत चिनी मातीचे जाड पात्र, बाहेर विजेने तापणारे कवच आणि वर झाकण. यात दही उत्तम लागते. मात्र ते केव्हा, हे समजून घेतले पाहिजे.

त्यासाठी प्रथम दुधात काय घडते ते पाहू. विरजणातील सूक्ष्म जंतू दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्ल बनवितात. आम्ल वाढत गेले की केसीन नावाचे प्रथिन एकमेकांस चिकटून जाळे विणते व त्या जाळ्यात पाणी धरून ठेवते. यालाच आपण दही लागणे म्हणतो. या जंतूंपैकी एक प्रमुख जंतू बल्गेरियाचे स्टॅमेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ साली ओळखला. योगर्टच्या विरजणातील जंतूंना ४० ते ४५ अंश सेल्सिअसची ऊब मानवते; घरगुती विरजणातील काही जंतू याहून कमी उबेतही काम करतात. ऊब कमी पडली तर जंतूंचे काम मंदावते. ५० अंशांपुढे त्यांची वाढ खुंटते आणि ६० च्या आसपास ते मरू लागतात.

आता भांड्याकडे वळू. याचे मूळ अमेरिकेतील आयर्विंग नॅक्सन यांच्या पात्रात आहे. त्यांना १९४० साली त्याचे पेटंट मिळाले. लिथुआनियातील यहुदी कुटुंबे शब्बाथच्या आदल्या सायंकाळी घेवड्याच्या कालवणाचे भांडे बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवीत आणि ते रात्रभर शिजे, ही घरात ऐकलेली हकीकत त्यांना स्फूर्ती देऊन गेली. अर्थात हे भांडे घेवडे शिजविण्यासाठी आहे. त्याची 'लो' ही कळसुद्धा काही तासांनी पदार्थाला उकळीजवळ नेते. 'वॉर्म' ही कळ नावाने सौम्य वाटते. पण शिजलेले अन्न जंतू वाढू नयेत इतके गरम, म्हणजे ६० अंशांच्या वर, राखणे हेच तिचे काम. जी उष्णता अन्नाचे रक्षण करते तीच विरजणाचा घात करते. म्हणून या भांड्यात दही लावावयाचे ते वीज बंद करूनच. येथे उपयोग त्याच्या आचेचा नाही, त्याच्या जाड मातीने धरून ठेवलेल्या उबेचा आहे.

कृती अशी. दोन लिटर दूध गॅसवर उकळावे आणि मंद आचेवर ढवळीत दहा मिनिटे ठेवावे. याने रोगजंतू मरतात, शिवाय निवळीत राहणारी प्रथिने केसीनला जाऊन मिळतात व दही घट्ट होते. पिशवीतले दूध आधीच पाश्चराइझ केलेले असले तरी घट्ट दह्यासाठी हे तापविणे टाळू नये. दूध निवत असता रिकामे पात्र 'लो'वर दहा-पंधरा मिनिटे उबवावे, मग बटण बंद करून खटका भिंतीतून काढावा. पात्राला हात सुखाने लावता येईल इतके ते निवू द्यावे. दूध ४५ अंशांवर आले, म्हणजे स्वच्छ बोट बुडवून दहा आकडे मोजेपर्यंत चटका न बसता सोसवले, की चार चमचे ताजे दही वाटीभर दुधात घोटून त्यात मिसळावे. दूध पात्रात ओतून झाकण लावावे आणि भांडे जाड टॉवेलांत गुंडाळावे. खटका काढल्यावाचून मात्र कधीही गुंडाळू नये. आगीचा धोका असतो. सहा ते आठ तास भांडे हलवू नये. दही लागताच ते थंड जागी न्यावे, एरवी आंबट होत जाते.

मध्यरात्री उठून 'थोडी ऊब देऊ' म्हणून बटण दाबण्याचा मोह आवरावा. बटण बंद केले तरी तापलेली माती उष्णता सोडीतच राहते. तळचे दूध फाटते आणि वरचे तसेच राहते. थंडी फारच कडक असेल तर दूध लहान बरण्यांत विरजून त्या पात्रातील कोमट पाण्यात ठेवाव्यात. पाणी निवल्यास ते काढून पुन्हा कोमट पाणी भरता येते.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावयाची. दहा-बारा तासांनंतरही जे दूध लागले नाही आणि आंबटही झाले नाही, ते पुन्हा उकळून मुलांना देऊ नये. आम्ल हेच दह्याचे संरक्षण. ते तयार झाले नाही तर रात्रभरच्या त्या उबेत भलतेच जंतू वाढतात, आणि त्यांपैकी काहींचे विष उकळूनही जात नाही. तांबूस छटा, बुरशी किंवा वाईट वास दिसल्यासही तेच. दोन लिटर दूध टाकताना हात अडखळतो हे खरे. पण आजारी पडलेल्या मुलापुढे त्या दुधाची किंमत ती काय! वेळेवर ऊब राखली म्हणजे हा प्रसंगच सहसा येत नाही.