बंब नगरपरिषदेचा, हुकूम कोणाचा?

३० ऑक्टोबर २०२३ ला मराठा आरक्षणाचे आंदोलन बीड जिल्ह्यातल्या माजलगावात भडकले. आमदार प्रकाश सोळंके यांच्या बंगल्यावर जमाव चालून गेला. दगडफेक झाली, दारातल्या गाड्या पेटल्या, मग घरही पेटले. आमदार त्या वेळी आतच होते. त्याच दिवशी नगरपरिषदेच्या इमारतीतही जाळपोळ झाली. संध्याकाळपर्यंत बीड शहरात आणखी घरे आणि कार्यालये जळाली आणि प्रशासनाने संचारबंदी लावली. त्या दिवसाच्या राजकारणाची चर्चा पुष्कळ झाली. एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. माजलगावात आग विझवायची जबाबदारी कायद्याने ज्या संस्थेवर टाकली आहे, तिचीच कचेरी त्या दिवशी आगीच्या तोंडी गेली होती.

गावात बंब धावताना दिसला की तो सरकारचा आहे एवढे लोकांना कळते. सरकार म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न सहसा पडत नाही. पोलीस राज्याचे, लष्कर केंद्राचे. अग्निशमन दल मात्र जिथले तिथले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावे परिशिष्ट जोडले. नागरी संस्थांकडे सोपवायच्या अठरा कामांच्या त्या यादीत रस्ते, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य यांच्या पंगतीत अग्निशमन सेवाही बसली. महाराष्ट्रात ही व्यवस्था त्याच्याही आधीपासून आहे. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य सांगितले आहे. म्हणजे बाग करायची की नाही हे नगरपरिषद पैसे पाहून ठरवू शकते, आगीच्या बाबतीत तशी सूट नाही.

माजलगावसारख्या शहरात अग्निशमन विभाग हा नगरपरिषदेच्या अनेक विभागांपैकी एक. त्याच्यावर मुख्याधिकारी, आणि मुख्याधिकाऱ्यांवर जिल्हाधिकारी. मुख्याधिकारी हा प्रशासनातला माणूस. घरपट्टीची वसुली, नाल्यांची सफाई, अतिक्रमणाच्या तक्रारी आणि बंबाचे डिझेल या सगळ्यांच्या फायली त्याच्याच टेबलावर येतात. आगीचे शास्त्र त्याने शिकलेले असावे अशी अपेक्षा नाही आणि सहसा तो ते शिकलेलाही नसतो.

मुंबईत चित्र अगदी वेगळे आहे. तिथे आधी हे काम पोलिसांच्या अखत्यारीत होते. १ एप्रिल १८८७ पासून पूर्णवेळ अग्निशमन दल महापालिकेकडे आले. तिथली पदांची शिडी ठरलेली आहे. खाली अग्निशामक आणि यंत्रचालक, मग प्रमुख अग्निशामक, सहायक केंद्र अधिकारी, केंद्र अधिकारी, विभागीय अधिकारी आणि सर्वांत वर प्रमुख अग्निशमन अधिकारी. वरचा माणूसही खालून धूर खात वर चढलेला असतो. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली, तेव्हा दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर स्वतः घटनास्थळी होते. इमारतीचा भाग कोसळला. नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई या चार अधिकाऱ्यांचा त्या आगीने बळी घेतला. दलाचा सर्वोच्च अधिकारी आगीत जातो याला शौर्य म्हणायचेच, पण त्यात रचनेचाही भाग आहे. हुकूम देणारा माणूस आगीसमोर उभा असला पाहिजे, असे ही रचना गृहीत धरते.

कारण आगीच्या ठिकाणी दलप्रमुखाला मिळणारे अधिकार साधे नाहीत. एरवी पोलिसालाही दुसऱ्याच्या घरात शिरायला कारण दाखवावे लागते. आग लागली की दलप्रमुख कुलूप तोडू शकतो, होज पाइप नेण्यासाठी शेजाऱ्याची भिंत पाडू शकतो, रस्ता बंद करू शकतो. जवळच्या विहिरीतले किंवा हौदातले पाणी घेताना मालकाच्या परवानगीसाठी तो थांबत नाही. मध्ये येणाऱ्याला तो हटवतो. ज्याची भिंत पाडली त्याचे स्वतःचे घर जळतही नसेल, तरी त्याला तक्रारीला फारशी जागा राहत नाही. अशा कायद्यांमध्ये एक सूज्ञ तरतूद सहसा असते: आग विझवताना दलाने केलेली मोडतोड विम्याच्या हिशेबात आगीनेच झालेली धरली जाते.

आता हे अधिकार छोट्या शहरातल्या बाजारपेठेत वापरून पाहावेत. दुकानाला आग लागते आणि बंबाच्या आधी तिथे दोनशे माणसे पोचलेली असतात. प्रत्येकाकडे सल्ला असतो, निम्म्यांकडे मोबाइलचा कॅमेरा. एखादा वजनदार माणूस ‘आधी माझ्या गोदामावर पाणी मारा’ म्हणतो. गाडीवरचा जवान अनेक ठिकाणी कंत्राटी असतो. त्याच्या खांद्यावर पट्टी नसते आणि वर्षअखेरीस त्याचे कंत्राट पुन्हा होईल की नाही याची खात्रीही नसते. कायद्याने दिलेला अधिकार त्याने कोणाच्या बळावर वापरायचा? व्यवहारात त्या वेळी पोलीस निरीक्षकाचा शब्द चालतो आणि बंबाचे तोंड तो म्हणेल तिकडे वळते. ३० ऑक्टोबरसारख्या दिवशी तर पोलिसांच्या बंदोबस्ताशिवाय बंब जागचा हलूही शकत नाही. आग लावणाराच रस्त्यावर उभा असेल, तर गर्दी हटवण्याचे कलम कागदावर कितीही सुरेख दिसले तरी उपयोग नाही.

दुसरी अडचण हद्दीची. अग्निशमन सेवा नगरपरिषदेची, तेव्हा तिची हद्द संपली की सेवेचीही संपावी, असे कागद सांगतो. माजलगावच्या भोवती सिंदफणा नदीवरच्या धरणाने भिजलेला ऊस आणि कापूस आहे, कापसाच्या जिनिंग आहेत, साखर कारखाने आहेत. इथल्या कितीतरी आगी शिवारातल्या. वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पडते आणि तोडणीला आलेला फड पाहता पाहता पेटतो. ग्रामपंचायतीकडे बंब नसतो. मग फोन नगरपरिषदेला जातो, कारखान्याची गाडी असेल तर तिला जातो, आणि तोवर गावातली पोरे ट्रॅक्टरचे टँकर घेऊन बांधावर पोचलेली असतात. बंब हद्दीबाहेर जातो, जायलाच हवा. पण त्या वेळेत शहरातल्या एखाद्या दवाखान्यात आग लागली तर काय, याचे उत्तर कोणत्याही मुख्याधिकाऱ्याला झोप लागू देणार नाही. जिल्ह्याचे ठिकाण बीड पन्नास किलोमीटरहून लांब आहे. केंद्राच्या अग्निविषयक स्थायी सल्लागार समितीच्या निकषांनुसार शहरात बंब पाच मिनिटांच्या आसपास पोचावा आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत. वीस मिनिटांत वाळलेल्या पाचटाचा फड संपलेला असतो.

आगीनंतर कागदांची रांग सुरू होते. तलाठ्याचा पंचनामा, पोलिसांचा पंचनामा, तारांमुळे आग लागली असेल तर विद्युत निरीक्षकाचा अहवाल, आणि विम्यासाठी अग्निशमन दलाचा दाखला. ऊस जळालेला शेतकरी कारखान्याला हात जोडतो, कारण जळका ऊस लवकर गाळला नाही तर वजन आणि साखर दोन्ही घटतात.

मोठ्या संकटात सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि शेजारच्या नगरपरिषदांचे बंब, खासगी टँकर, जेसीबी हे सगळे मागवू शकतात. बाहेरून मदत येण्यात किती अंतर असते, हे माजलगावने सप्टेंबर २०२२ मध्ये पाहिले. धरणात पोहायला उतरलेले एक डॉक्टर बुडाले. त्यांच्या शोधासाठी कोल्हापूरहून आपत्ती प्रतिसाद पथक आले आणि त्या शोधात पथकाच्या एका जवानालाही प्राण गमवावे लागले. पाण्यातला शोध, झाडावरचा पक्षी, विहिरीतले जनावर, रस्त्यावर उलटलेला टँकर ही सगळी कामे आज ‘अग्निशमन’ याच पाटीखाली येतात. नगरपरिषदेचे पथक मात्र तेच, आणि बहुधा तेवढेच.

आग लागल्यावरचा अधिकार डोळ्यांना दिसतो. त्याहून मोठा अधिकार आग लागण्याआधीचा आहे, आणि तो जवळजवळ अदृश्य आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्याने जबाबदारी इमारतीच्या मालकाच्या किंवा भोगवटादाराच्या गळ्यात घातली. रुग्णालय, मंगल कार्यालय, लॉज, चित्रपटगृह, शाळा अशा ठिकाणी ठरलेली अग्निसुरक्षा यंत्रणा बसवायची. ती परवानाधारक संस्थेकडूनच बसवून घ्यायची आणि चालू स्थितीत ठेवायची. ती चालू आहे असा त्या संस्थेचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करायचा. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. अधिकारी येऊन तपासणी करू शकतो, नोटीस देऊ शकतो, वीज आणि पाणी तोडायला लावू शकतो. जिवाला धोका दिसला तर इमारत रिकामी करून सील करू शकतो.

कायदा होता, तरी ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात दहा बाळे गेली. एप्रिलमध्ये विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा रुग्ण दगावले. या तिन्हींपैकी दोन रुग्णालये सरकारी होती. फायर ऑडिट हा शब्द त्या वर्षी तालुक्याच्या गावांतही रुळला. प्रत्येक दुर्घटनेनंतर आदेश निघाले, खासगी डॉक्टरांना नोटिसा गेल्या, अग्निशामक सिलिंडर विकणाऱ्यांचा धंदा वाढला. सिलिंडर भिंतीला टांगून ठेवायचे आणि त्याची मुदत संपली की नवे स्टिकर लावायचे, असे करणाऱ्यांना फारसा त्रास झाला नाही.

छोट्या शहरात अडचण इथेच आहे. सील लावणारा अधिकारी आणि ज्याच्या रुग्णालयाला सील लावायचे तो डॉक्टर एकाच गावात राहतात. डॉक्टरांचे भाऊ नगरसेवक असू शकतात. मंगल कार्यालय ज्याचे, त्याच्याच हातात पुढच्या निवडणुकीचे तिकीट असू शकते. आणि जिथे नगरपरिषदेकडे पात्रता असलेला अग्निशमन अधिकारीच नसेल, तिथे तपासणी आणि प्रमाणपत्राचा प्रश्न मुंबईतल्या महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडे जातो. कायद्याने ठिकठिकाणी संचालकाचे नाव घेतले आहे, हे चांगलेच. पण राज्यभरातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या इमारतींवर एका संचालनालयाने नजर ठेवायची, ही अपेक्षा फार मोठी आहे.

यावरचा एक उपाय उशिरा का होईना सुरू झाला. नगरपरिषदांच्या अभियांत्रिकी, लेखा, कर या सेवांसारखा अग्निशमन सेवेचाही राज्यस्तरीय संवर्ग केला गेला. २०२३ मध्ये नगरपरिषद प्रशासनाने १,७८२ पदांची भरती काढली, त्यातली ३७२ पदे अग्निशमन सेवेची होती. राज्यसंवर्गातला अधिकारी बदलून जातो, त्यामुळे गावातल्या कोणाचाही तो कायमचा मिंधा राहत नाही. तो शिकलेलाही असतो. मुंबईच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात अग्निशामकाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू होऊन पुढच्याच वर्षी नागपुरात आले आणि देशभरातले अधिकारी घडवू लागले. पैशाच्या बाजूने पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना केली. गाड्या येतील, त्यांच्यावर बसायला माणसे कायमची मिळतात का, हे बघावे लागेल.

परदेशातली एक व्यवस्था इथे आठवते. जर्मनीत व्यावसायिक दले मोठ्या शहरांत असतात, आणि माजलगावएवढ्या गावात आग विझवायला येतो तो शेजारचा सुतार, शिक्षक किंवा गिरणीतला कामगार. असे सुमारे दहा लाख स्वयंसेवक तिथे आहेत. त्यांना रीतसर प्रशिक्षण असते, गणवेश असतो, आणि आगीच्या ठिकाणी हुकूम कोणाचा चालणार हे आधीच ठरलेले असते. उसाच्या फडाकडे टँकर घेऊन धावणारी आपली पोरे याच कामाची आहेत. त्यांना सराव नाही, हेल्मेट नाही, आणि तिथे शब्द कोणाचा चालायचा हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक गेले, म्हणून दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. तालुक्याच्या गावी तो शाळेच्या मैदानावरच्या प्रात्यक्षिकाने साजरा होतो. तेवढाच आठवडा नगरपरिषदेने आसपासच्या गावांतल्या पोरांना बंबावर हात बसवायला दिला, तर पुढच्या हंगामात पहिला फड पेटेल तेव्हा बांधावर निदान चार माणसांना पाणी कुठून मारायचे ते कळेल.