धर्मश्रद्धेचा ऱ्हास, तरुण पिढीतील

पूर्वपिढीकडून चालत आलेल्या धार्मिक समजुती, आचार व निष्ठा पुढील पिढीत क्षीण होत जाण्याची प्रक्रिया. धर्मश्रद्धा ही व्यवहारात तीन अंगांनी प्रकट होते : (१) ईश्वर, परलोक, पापपुण्य यांवरील विश्वास, (२) कुलाचार, व्रते, नवस, यात्रा इ. आचार आणि (३) पुरोहित, धर्मसंस्था, जातपंचायत यांच्या अधिकाराची मान्यता. ही तिन्ही अंगे एकाच गतीने झिजत नाहीत. एखाद्या समाजात पुरोहिताचा अधिकार संपुष्टात येतो, पण आचार टिकतो; दुसऱ्या समाजात आचार लोपतो, पण ईश्वरावरील विश्वास कायम राहतो. त्यामुळे तरुणांची श्रद्धा कमी झाली किंवा झाली नाही, असे विधान करताना कोणत्या अंगाविषयी ते केले आहे, हे स्पष्ट करणे आवश्यक ठरते. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याच्या गेल्या सु. शंभर वर्षांच्या इतिहासात हा भेद विशेष ठळकपणे दिसून येतो.

सैद्धांतिक पार्श्वभूमी : विज्ञान व उद्योग यांच्या प्रसाराबरोबर धर्माचा प्रभाव ओसरेल, असे भाकीत ऑग्यूस्त काँत (१७९८–१८५७) याच्यापासून अनेक समाजशास्त्रज्ञांनी केले. माक्स वेबर (१८६४–१९२०) याने आधुनिक बुद्धिप्रामाण्यामुळे जगाचे गूढत्व नाहीसे होत असल्याचे प्रतिपादन केले. पश्चिम यूरोपात हे बऱ्याच अंशी खरे ठरले. इंग्लंड व वेल्समध्ये आपणास कोणताही धर्म नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेत २५·२ टक्के होते. २०२१ मध्ये ते ३७·२ टक्के झाले. तथापि तेथेही ग्रेस डेव्ही या विदुषीने १९९४ मध्ये असे दाखवून दिले, की चर्चशी नाते तुटलेले अनेक लोक ईश्वरावरील विश्वास सोडत नाहीत. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तौलनिक अभ्यासात १०६ देशांपैकी ४६ देशांत चाळिशीच्या आतील प्रौढांना धर्म कमी महत्त्वाचा वाटतो, असे आढळले. म्हणजे ही प्रक्रिया व्यापक असली, तरी सार्वत्रिक नाही.

भारतातील स्थिती : २०११ च्या जनगणनेत सु. २९ लाख व्यक्तींनी (०·२४ टक्के) आपला धर्म नमूद केला नाही. स्वतःला स्पष्टपणे नास्तिक म्हणवणारे सर्व देशात केवळ सु. ३३ हजार होते, त्यांपैकी सु. ९,६५० महाराष्ट्रातील होते. ही संख्या अन्य कोणत्याही राज्यापेक्षा अधिक होती, हे लक्षणीय आहे. प्यू केंद्राने २०१९-२० मध्ये भारतातील सु. ३०,००० प्रौढांची पाहणी केली. तीत ९७ टक्के लोकांनी ईश्वरावर विश्वास असल्याचे सांगितले. याच पाहणीत बौद्ध उत्तरदात्यांपैकी सु. एकतृतीयांश लोकांनी ईश्वर मानत नसल्याचे नमूद केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये दिलेल्या धम्मदीक्षेचा बौद्ध समाजावरील प्रभाव पाहता, ईश्वर नाकारणे म्हणजे धर्म नाकारणे असे समीकरण येथे लागू पडत नाही, हे ध्यानात येते.

अहिल्यानगर जिल्हा : या जिल्ह्याची धार्मिक परंपरा समृद्ध आहे. नेवासे येथे शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. शिर्डी (साईबाबांची समाधी, १९१८), पाथर्डी तालुक्यातील मढी व मोहटे, मेहेरबाबांचे मेहेराबाद ही स्थाने सर्वश्रुत आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य येथे १८३१ मध्ये सुरू झाले. याच जिल्ह्याने धार्मिक अधिकाराला आव्हान देणाऱ्या प्रबळ चळवळीही पाहिल्या आहेत.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) यांनी नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून दीनमित्र या साप्ताहिकाद्वारे १९१० पासून अर्धशतकाहून अधिक काळ मांडला. पुरोहिताविना विवाह, मध्यस्थाविना उपासना आणि कर्ज काढून केलेल्या धार्मिक विधींचा त्याग हा त्याचा सारांश होय. अशा घरांतील मुलगे भटजीस बोलावीत ना, तेव्हा जुन्या पिढीस धर्म बुडाल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात सत्यशोधक निर्मिकाचे अस्तित्व मानत होते. त्यांनी नाकारला तो मध्यस्थाचा अधिकार. रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा प्रवासही या दृष्टीने उद्बोधक आहे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांची अहमदनगर ही दीर्घकाळ कर्मभूमी होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही सामावणारा ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. संस्थेशी नाते तोडणे हे येथे श्रद्धेच्या उत्कटतेचेच फलित होते.

आचारलोपाची कारणे : कुलाचारांचा ऱ्हास हा पुष्कळदा युक्तिवादाने न होता त्यांचे प्रयोजन संपल्याने होतो. देवीच्या साथीत मातेस नवस बोलण्याची रीत होती. लसीकरणाने रोग हटला. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला आणि त्या नवसांचे कारणच उरले नाही. कोणी त्यांविरुद्ध व्याख्यान दिले नाही, तरी पुढील पिढीस ते ठाऊक राहिले नाहीत. बलुतेदारी मोडल्यावर गुरव, जोशी आदींचे गावकीतील धान्यरूप उत्पन्न आटले व त्यांच्यावर अवलंबून असलेले वार्षिक विधी खंडित झाले. १९५० मध्ये प्रवरानगर येथे सुरू झालेला सहकारी साखर कारखाना, त्यामागोमागची कारखानदारी, १९४७ मधील अहमदनगर महाविद्यालयाची स्थापना आणि नंतर तालुक्यातालुक्यांत निघालेली महाविद्यालये यांनी शेतकरी तरुणास नवी साधने दिली. दुष्काळी दक्षिण भागातून पुणे-मुंबईकडे होणाऱ्या स्थलांतराने एकत्र कुटुंब विभागले. देवघर थोरल्याच्या घरी राहिले आणि धाकट्यांकडे चंपाषष्ठी वा घटस्थापना केवळ सुट्टीच्या सोयीने होऊ लागली. तरीही विवाहानंतरचे जागरण-गोंधळ अनेक सुशिक्षित घरांत आजही होतात. तेथे दैवताच्या कोपाचे भय कमी व घराण्याचा अभिमान अधिक असतो. आचार तोच, पण त्याचा अर्थ पालटलेला, असे हे उदाहरण आहे.

शनिशिंगणापूरचा वाद : नेवासे तालुक्यातील या गावात घरांना दारे व कुलपे न लावण्याची प्रथा आहे. चोरास शनिदेव शासन करतो, ही त्यामागील समजूत होय. २०११ मध्ये तेथे बँकेची शाखा व २०१५ मध्ये पोलीस ठाणे आले. देवाच्या धाकाबरोबर राज्यसंस्थेचे संरक्षणही हवे, असे गावाने व्यवहारात मान्य केले. चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव होता. त्याविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २००० साली आंदोलन केले. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका स्त्रीने चौथऱ्यावर जाऊन दर्शन घेतले, तेव्हा मूर्तीचे शुद्धीकरण करण्यात आले. त्यानंतर चळवळ तीव्र झाली; विद्या बाळ व नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेश अधिनियमाचा आधार घेऊन स्त्रियांचा हक्क मान्य केला. ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्यास, देवस्थानाने सर्वांना प्रवेश खुला केला. बुद्धिवाद्यांना येथे समतेचा प्रश्न दिसत होता. अनेक स्त्रियांना मात्र दर्शनच हवे होते. रूढीस अशुभ ठरलेले हे कृत्य भाविकतेतूनच घडले होते.

सद्यःस्थिती : वंशपरंपरागत आचार सैल होत असताना निवडलेल्या दैवताची उपासना वाढल्याचे दिसते. शिर्डीस रेल्वे स्थानक (२००९), विमानतळ (२०१७) व मुंबईहून जलद गाडी (२०२३) आली, ती यात्रेकरूंच्या मागणीमुळेच. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर जिल्ह्यातून चालणाऱ्या वारकऱ्यांत महाविद्यालयीन तरुणही असतात. दुसरीकडे, मढीच्या यात्रेत भटक्या जमातींच्या जातपंचायती भरत व त्यांचे निवाडे अंतिम मानले जात; सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम २०१७ मध्ये अंमलात आल्यावर तशा निवाड्यांचा कायदेशीर मार्ग बंद झाला. यात्रा चालू राहिली. तिच्या आश्रयाने नांदणाऱ्या अधिकाराला मात्र आव्हान मिळाले.

मूल्यमापन : हा भेद न ओळखल्यास दोन्ही बाजूंकडून चूक होते. मुलाने नवस फेडण्यास नकार दिला, की वडीलधारी मंडळी त्यास नास्तिक ठरवतात आणि घरातील संवाद तुटतो. उलटपक्षी, शिक्षण वाढले म्हणजे अंधश्रद्धा आपोआप जाईल असे मानणारा सुधारक गाफील राहतो. पदवीधरही अंगारे-धुपारे व भोंदू बाबांच्या आहारी जातात, हा अनुभव आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी देवाधर्माला विरोध न करता शोषण करणाऱ्या प्रथांना विरोध करण्याची भूमिका याच कारणाने घेतली. त्यांच्या हत्येनंतर त्याच वर्षी संमत झालेला जादूटोणाविरोधी अधिनियमही श्रद्धेस नव्हे, तर अमानुष कृत्यास दंडनीय ठरवतो. जिल्ह्यातील अनुभवावरून असे म्हणता येते, की तरुण पिढीत धार्मिक अधिकाराचा ऱ्हास सर्वाधिक, आचाराचा मध्यम आणि ईश्वरावरील विश्वासाचा अत्यल्प झाला आहे. मात्र कुलाचार लोपल्याने त्यांच्या आधारे टिकून असलेली ओव्या, कहाण्या, ऋतुमानाचे भान व भाऊबंदांच्या वार्षिक भेटी ही संपत्तीही हरवत आहे. तिची जागा घेणारी नवी सामाजिक रूपे अद्याप पुरेशी घडलेली नाहीत.