इंजिनात बदल केला, पॉलिसीचं काय?

‘गाडी माझी, हप्ता मी भरतो, मग इंजिनात काय बदललं ते इन्शुरन्स कंपनीला कशाला सांगायचं?’ हा प्रश्न गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतो. पण पॉलिसी मिळते ती आरसी बुकात नोंदलेल्या गाडीला : त्या इंजिन क्रमांकाची, तेवढ्या सीसीची, त्या इंधनावर चालणारी. गाडी बदलली आणि नोंद जुनीच राहिली, तर वर्षानुवर्षं हप्ते भरलेला माणूस ऐन अपघाताच्या वेळी उघडा पडू शकतो.

पुण्या-मुंबईकडे सर्वांत ओळखीचा बदल म्हणजे बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, आणि जास्तीत जास्त गैरसमजही त्याच्याभोवतीच आहेत. आरटीओत नोंद झाली की विमा कंपनीला आपोआप कळतं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मान्यताप्राप्त किट बसवायला परवानगी देतं. त्यासाठी आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते. पॉलिसीवरचं एन्डॉर्समेंट, म्हणजे बदलाची अधिकृत नोंद, हे त्यानंतरचं वेगळं काम आहे आणि ते मालकानंच करून घ्यायचं असतं.

‘पण मग हप्ता भरमसाट वाढेल!’ हीसुद्धा निव्वळ भीती. मोटार टॅरिफच्या नियमानुसार किटच्या किमतीच्या ४ टक्के रक्कम गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात आणि ६० रुपये थर्ड पार्टीच्या हप्त्यात वाढतात. बहुतेक कंपन्यांचा हिशेब आजही याच्याच आसपास असतो. ६०,००० रुपयांचं किट असेल तर २,४६० रुपये आणि वर जीएसटी. एवढे पैसे वाचवण्यासाठी पाच-सहा लाखांच्या गाडीचा क्लेम धोक्यात घालणं मला अजिबात पटत नाही. शिवाय किटची किंमत पॉलिसीत धरलेली नसेल, तर गाडी जळाल्यावर किटचे पैसे मागणार कशाच्या आधारावर? कारखान्यातूनच सीएनजी घेऊन आलेल्या गाडीत ही किंमत गाडीच्या किमतीत धरलेली असते. तरीही पॉलिसीवर इंधन म्हणून नुसतं ‘पेट्रोल’ छापलेलं नाही ना, एवढं पाहून घ्या. सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्टही चुकवू नका.

ईसीयू रीमॅपचं, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचं प्रकरण जरा निराळं आहे. थर्ड पार्टीचा हप्ता अश्वशक्तीवर नाही, सीसीवर ठरतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी कारला ३,४१६ रुपये आहेत, १,५०० च्या वर ७,८९७. रीमॅपनं सीसी बदलत नाही, म्हणून हा हप्ताही बदलत नाही. त्यावरून ‘म्हणजे सांगायची गरज नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चूक आहे. वाढलेली ताकद ही जोखमीशी संबंधित माहिती आहे. ती दडवली तर कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं. ‘सॉफ्टवेअर कुणाला दिसतंय’ या भरवशावरही राहू नये, कारण कंपनीच्या वर्कशॉपला ते तपासता येतं. आणि रीमॅपच्या ताणानं टर्बो गेला, तर तो यांत्रिक बिघाड. साधी पॉलिसी तो मुळातच भरून देत नाही. शर्यतीत किंवा वेगाच्या चाचणीत झालेलं नुकसानही नाही.

इंजिनच बदललं असेल, तर नवा क्रमांक आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे यायलाच हवा. सर्व्हेअर इंजिन आणि चेसिस क्रमांक जुळवून पाहतो. उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता उलट्या टोकाचा गैरसमज : काहीही बदललं की अख्खी पॉलिसी रद्द. एजंटही असं बेधडक सांगतात. तुमच्या गाडीनं जखमी झालेल्या तिऱ्हाईताला वाऱ्यावर सोडायचं नाही, हा कायद्याचा हेतू आहे. म्हणून पॉलिसीच्या अटी मोडल्या गेल्या असल्या, तरी न्यायालयं अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग ती मालकाकडून वसूल करायला सांगतात. स्वतःच्या गाडीच्या क्लेमबाबतही, भाड्यानं दिलेल्या एका खासगी कारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये, अटीचा भंग झालेला असूनही क्लेम पूर्ण न नाकारता ७५ टक्के रक्कम देण्याचा मार्ग मान्य केला होता. तेव्हा नकार आला तर कारण लेखी मागा. विमा लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, तक्रारीला शुल्क नाही. मात्र नकारानंतर वर्षभराच्या आत ती करावी लागते.

फिटरकडे गाडी सोपवण्याआधी कंपनीला ई-मेल करा, काम झाल्यावर बिल आणि नवी आरसी पाठवा, आणि एन्डॉर्समेंटचा कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.