उसनी लकाकी

सकाळी सातला पार्किंगमध्ये काळी गाडी काळीच दिसते. साडेदहाला ऊन बॉनेटवर आलं की खरी गोष्ट उघडी पडते. सूर्याचं प्रतिबिंब मधोमध आणि त्याच्याभोवती बारीक चऱ्यांची गोल गोल जाळी, कोळ्याने रात्रभर बसून विणल्यासारखी. गाडी दोन वर्षांची, एकही अपघात नाही, रोज पुसली जाते. आणि गोम नेमकी त्या ‘रोज पुसली जाते’मध्येच आहे.

आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा एका बादलीत पंधरा गाड्या उरकतो. आठव्या गाडीपर्यंत बादलीच्या तळाशी बोटभर गाळ साचतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रविवारी कोरडं पिवळं फडकं घेऊन मीही तेच करत होतो, तेही प्रेमाने. धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे मुख्यतः गारगोटी, आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर विचारायलाच नको. गारगोटी काचेवरही चरा पाडते, मग रंगाचं काय घेऊन बसलात! फडक्याखाली सापडलेला प्रत्येक कण आपली रेघ ओढत जातो.

या रेघा गोल मात्र नसतात. स्टीलचं जुनं ताट उन्हात धरून पाहा. घासणीने ते आडवंतिडवं कसंही घासलेलं असतं, तरी दिसतात गोल वलयं. चरे सगळ्या दिशांना असतात, पण येणाऱ्या प्रकाशाला जे आडवे पडतात तेवढेच चमकून डोळ्यात भरतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं झाल्याचा भास होतो. दोन पावलं बाजूला सरका, जाळीही तुमच्याबरोबर सरकते.

हे चरे घालवायचा गॅरेजमधला ठरलेला उपाय म्हणजे रबिंग. मशीनला फोमची चकती लावायची, कंपाउंड घ्यायचं आणि चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून सपाट करायचा. उपाय खरा आहे, फसवणूक नाही. पण आपण नेमकं काय घासतो आहोत, ते आधी पाहिलं पाहिजे. आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, असे चार थर असतात. चारही मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा. वर्तमानपत्राचा कागद 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक आणि उन्हापासूनचं संरक्षण त्याच्या निम्म्या-पाऊण जाडीच्या पापुद्र्यावर अवलंबून आहे. हलक्या पॉलिशमध्ये एखादा मायक्रॉन जातो, कंपाउंड मारलं तर दोन-चार. हे मुद्दल आहे आणि त्यात भर कधीच पडत नाही. दर दिवाळीला हौसेने रबिंग करून घेतलेल्या जुन्या गाड्यांच्या टपावर पांढरट, सालं निघाल्यासारखे चट्टे दिसतात ना, तिथे मुद्दल संपलेलं असतं. त्यानंतर पॉलिश कामाचं नाही, नवा रंगच द्यावा लागतो.

चरा घासून काढायचा नसेल तर तो भरता येतो. ग्लेझ नावाची जी बाटली पॉलिश आणि वॅक्स यांच्या मधल्या पायरीवर येते, तिचं काम एवढंच. बहुतेक ग्लेझमध्ये तेलं असतात, कशात ग्लिसरीन असतं, आणि पुष्कळदा चिनी मातीची अतिबारीक पूड. घासणारं काही नसतं, किंवा नावापुरतं असतं. सुताराच्या मागून येणारा पॉलिशवाला लाकडाच्या रंध्रांत आधी लांबी भरतो आणि मगच चपडीचा हात फिरवतो. तोच हिशेब, फक्त मायक्रॉनच्या मापात.

पण नुसतं भरल्याने चरा दिसेनासा का व्हावा? नदीतला गोटा ओला असताना गडद, रेखीव दिसतो आणि घरी आणून वाळला की मळकट पडतो, हे आपण सगळ्यांनी लहानपणी अनुभवलं आहे. वाळल्यावर त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो, पाण्याने खाचा भरल्या की विखुरणं कमी होतं. क्लिअर कोटचा अपवर्तनांक 1.5 च्या आसपास, हवेचा 1. हवेतून क्लिअर कोटवर सरळ पडणाऱ्या प्रकाशातला साधारण 4 टक्के परत फिरतो. चऱ्याच्या वाकड्या भिंतींवरून तो भलत्याच दिशेला फिरतो, आणि काळ्या रंगावर करडी जाळी दिसते ती याच परतलेल्या प्रकाशाची. आता त्या चऱ्यात 1.47 अपवर्तनांकाचं तेल किंवा ग्लिसरीन भरा. तेल आणि क्लिअर कोट यांच्या सीमेवरून परत फिरणारा प्रकाश दहा हजारांत एखाद्या हिश्श्याइतका उरतो. चरा जागेवरच असतो, प्रकाशाला मात्र तो जाणवत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत बोरोसिलिकेट काचेची कांडी तेलात बुडवून ‘गायब’ करतात, त्या जादूचीच ही धाकटी बहीण.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. ग्लेझचा चमत्कार दिसतो तो काळ्या, गडद निळ्या आणि लाल गाड्यांवर. पांढऱ्या रंगावर तो विखुरलेला प्रकाश मुळात उठूनच दिसत नाही, त्यामुळे भरून फारसं काही साधत नाही. पांढरी गाडी मळकी दिसते ती बहुधा रस्त्यावरच्या तेलकट थरामुळे आणि बोअरच्या पाण्याच्या क्षारांमुळे. तिला नीट धुवा, क्ले बार (रंगावर चिकटलेला मळ उचलणारी मऊ वडी) फिरवा आणि ग्लेझचे पैसे वाचवा. दुकानदार काहीही सांगो.

‘ग्लेझ’ हा शब्द गाडीला चिकटला त्याची मुळंही लाकडातच आहेत. अमेरिकेत इंडियाना राज्यात फ्रँक मेग्वायर यांनी 1901 मध्ये पॉलिश बनवायला घेतलं ते फर्निचरसाठी. पुढे मोटारी आल्या आणि त्यांचं ‘मिरर ग्लेझ’ हे नाव मोटारवाल्यांच्या तोंडी बसलं. 2008 मध्ये ही कंपनी थ्रीएमने घेतली. डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात ग्लेझ रुजलं त्याला आणखी एक कारण होतं. नव्या रंगातून पुढचे काही आठवडे द्रावक उडून जात असतं, म्हणून त्यावर लगेच वॅक्सचं झाकण नको. पण गिऱ्हाइकाच्या ताब्यात गाडी देताना ती झळकली तर पाहिजे! मग वॅक्स नसलेलं, सिलिकॉन नसलेलं ग्लेझ. सिलिकॉन नको, कारण त्याचा अंश शेजारच्या पत्र्यावर पोचला तर नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पेंटरलोक त्यांना ‘फिशआय’च म्हणतात.

ग्लेझ रुजलं तेव्हाच्या रंगांना क्लिअर कोट नव्हता. प्रीमियर पद्मिनी आठवा. बोट फिरवलं की रंगाची भुकटी बोटाला लागायची, फडक्याने घासलं की फडकं रंगायचं. उन्हाने कोरडा पडलेला तो रंग तेलकट ग्लेझ अक्षरशः पिऊन टाकतो आणि गडद होतो, कोरड्या पडलेल्या कातड्याला तेल लावावं तसा. मुंबईत ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा संपली. पण जुन्या गाड्या जपणारे आजही अशा रंगावर कंपाउंड मारण्याआधी तेलकट ग्लेझ चोळून रात्रभर ठेवतात.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. मे महिन्यातल्या दुपारी हा उद्योग करू नये, ग्लेझ वाळून त्याची खरपुडी होते. आधी दोन बादल्यांनी धुलाई, एकीत शाम्पू आणि दुसरीत फक्त हातमोजा खंगाळायचं पाणी. मग बॉनेटवर तळहात फिरवा. खरखर लागली तर क्ले बार, तोही भरपूर ओला ठेवून. नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर ग्लेझकडून आशाच ठेवू नका. ग्लेझ घ्यायचं ते फोमच्या चकतीवर रुपयाच्या नाण्याएवढं, एका वेळी एक दार किंवा अर्धं बॉनेट. पातळ. आपल्याकडे जास्त लावलं की जास्त चमकतं, असा एक राष्ट्रीय समज आहे. इथे जास्तीचं सगळं पुसण्यातच जातं आणि पुसताना नवे चरे पडण्याची सोय होते. धूसर थर आला की स्वच्छ मायक्रोफायबरने हलक्या हाताने उचलायचा.

मग वॅक्स. ग्लेझमधलं तेल चऱ्यात नुसतं बसलेलं असतं, चिकटलेलं नसतं. उघडं ठेवलं तर दोन-तीन शाम्पूंत वाहून जातं. वर वॅक्सचं झाकण बसलं की त्याचं आयुष्य वाढतं. जुन्या पद्धतीचं कार्नुबा वॅक्स इथे शोभतं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं हे मेण 82 ते 86 अंशांना वितळतं, म्हणून आपल्या उन्हातही तग धरतं. मात्र वॅक्स हाताने आणि अलगद लावायचं. मशीन फिरवलंत किंवा जोर केलात तर वॅक्समधलं द्रावक खालचं ग्लेझच उचलून आणतं. सगळं नीट जमलं तर चार-सहा आठवडे. पावसाळ्यात तेवढेही नाहीत, म्हणून मला विचाराल तर हा खटाटोप नवरात्राच्या तोंडावर सुरू करावा आणि वळवाच्या आधी थांबवावा.

सिरॅमिक कोटिंग करायचं असेल तर मात्र ग्लेझ चुकूनही नको. कोटिंगला रंगाशी थेट धरायचं असतं आणि मध्ये तेल आलं की ते धरतच नाही. सिंथेटिक सीलंटचंही बहुतेक वेळा तेच. बाजारात पॉलिमरवाली ग्लेझही मिळतात, त्यांचं वागणं वेगळं, म्हणून लेबल वाचून घ्या. आपल्या गॅरेजांत रबिंग, ग्लेझ, वॅक्स या सगळ्याला ‘पॉलिश’ हा एकच शब्द आहे. बिलावर ‘पॉलिश’ लिहिलेलं असेल तर मुद्दल घासलं की चरे भरले, एवढं तरी विचारावं.

ही भराई दुसऱ्याच्या गाडीवर झालेली असेल तर प्रकरण वेगळं. जुनी गाडी बघायला गेल्यावर ती आरशासारखी लखलखत असेल, तर सावलीतून उन्हात काढायला सांगा. मालकाची हरकत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून मऊ कापडाने वीतभर जागा पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. भरलेलं निघून जातं आणि जाळी परत येते. माझा एक मित्र गाडी घेतल्यावर तिसऱ्या धुलाईला हे शिकला. गाडीचं इंजिन उत्तम होतं, म्हणून त्याने विकणाऱ्याला माफ केलं.

स्वतःच्या गाडीवर मी एकदा बॉनेटच्या मधोमध कागदी टेप लावून उजव्या अर्ध्याला ग्लेझ आणि वॅक्स केलं, डाव्याला नुसतं वॅक्स. उन्हात उभं राहिल्यावर टेपच्या रेषेवर रंग बदललेला दिसत होता, एकीकडे कोळशाचा काळा, दुसरीकडे पाटीचा. महिन्याभराने दोन्हीकडे पाटीच झाली.

दसऱ्याच्या आदल्या रात्री पुन्हा सगळं रीतसर करून झालं. सकाळी आई तबक घेऊन खाली आली. झेंडूचा हार तारेत ओवलेला होता, तो सोडवून सुतळीत ओवून घेतला, कारण गेल्या वर्षीच्या तारेची रेघ अजून ग्रिलच्या वर आहे. आईने हळदकुंकवात बोट बुडवलं आणि बॉनेटकडे वळली.

“आई, काचेला लाव ना, बॉनेटला नको.”

“काचेला स्वस्तिक? का रे?”

“रात्री तीन तास खपलोय त्यावर.”

तिने बॉनेटमध्ये स्वतःचं प्रतिबिंब पाहिलं, पदर सारखा केला आणि काचेच्या कोपऱ्यात छोटंसं स्वस्तिक काढलं. नारळ मात्र तिने नेहमीसारखा चाकापाशीच फोडला, आणि पाणी दारावर उडालं.